साप कात टाकताना अडला तर...

वाचकहो, या सदरात आपण आजवर गाई-म्हशींचे आजार पाहिले, कुत्र्यांच्या लसी पाहिल्या, कोंबड्यांची मानमोडी पाहिली. आज एका वेगळ्याच रुग्णाची हकीकत सांगणार आहे. गेल्या मे महिन्यात, नवतपा सुरू व्हायला दोन-चार दिवस असताना, दुपारी एक कॉलेजचा विद्यार्थी माझ्या दवाखान्यात आला. हातात प्लॅस्टिकचा डबा, डब्याला भोके पाडलेली, वरून सुती कापड बांधलेले. सोबत त्याची आजी. बाकावर एक गृहस्थ बकरी घेऊन बसले होते. डब्यात काय आहे हे कळताच ते बकरीसह बाहेर निंबाखाली जाऊन उभे राहिले.

डब्यात साप होता. आपल्याकडचा नव्हे, आफ्रिकेतला. त्याला बॉल पायथन म्हणतात. हा बिनविषारी, लहान चणीचा अजगर आहे. घाबरला की अंगाची चेंडूसारखी गुंडाळी करून डोके आत लपवतो, म्हणून हे नाव. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ भागात तो राहतो. परदेशात हौसेने साप पाळणाऱ्यांमध्ये तो फार लोकप्रिय आहे आणि अलीकडे आपल्याकडच्या शहरांतही दिसू लागला आहे. हा साप दोन वर्षांचा, साधारण तीन फूट लांबीचा होता. त्याच्या नोंदणीचे कागद आहेत ना, हे मी आधी विचारले. मुलाने ते दाखवले. त्याविषयी पुढे लिहितोच.

सापाची अवस्था बघवत नव्हती. अंगावर जुन्या कातीचे तुकडे भिंतीच्या पोपड्यांसारखे चिकटले होते. मानेभोवती सुकलेल्या कातीचा पट्टा बसला होता. दोन्ही डोळे धुरकट. शेपटीच्या टोकाला कातीची दोन-तीन कडी एकावर एक चढलेली आणि त्यांच्या पुढचे टोक काळसर पडलेले.

"चार दिवस झाले डॉक्टर, कात निघतच नाही," मुलगा म्हणाला. "डोळ्यांवरची कात सेलोटेप लावून ओढली की निघते असं मित्राने सांगितलं. पण माझं धाडस झालं नाही." खिशातून त्याने खरोखरच टेपची गुंडाळी काढून दाखवली.

आजी म्हणाल्या, "मी म्हटलं त्याले, खोबऱ्याचं तेल लाव, मऊ पडन. आयकते कुठं!"

मी मुलाला म्हणालो, "तुझं धाडस झालं नाही, तेच बरं झालं. नाहीतर आज हा आंधळा झाला असता."

हे मी अनुभवाने म्हणालो. सुमारे तीस वर्षांपूर्वी, मी नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलो होतो तेव्हा, विहिरीत पडलेली एक धामण लोकांनी बाहेर काढली आणि वनखात्याच्या माणसाबरोबर माझ्याकडे आणली. तिच्या अंगावर अर्धवट कात होती आणि एका डोळ्यावर पांढरी चकती दिसत होती. आम्हाला अभ्यासक्रमात गाई-म्हशी शिकवलेल्या, सापांविषयी जवळजवळ काहीच नाही. मी चिमटा घेतला आणि ती चकती ओढून काढली. ती निघाली, पण तिच्याखालचे नवे आवरणही तिच्याबरोबर निघाले. दोन दिवसांत डोळा सुकला, नंतर पिकला आणि गेला. चूक सर्वस्वी माझी होती. घाई केली नसती तर तो डोळा वाचला असता. आजचा हा लेख मी लिहीत आहे तो त्या धामणीची आठवण ठेवूनच.

कात म्हणजे काय?

आपली माणसांचीही कातडी दररोज झडत असते. पण ती बारीक कणांच्या रूपाने झडते, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. साप मात्र कातडीचा सर्वांत वरचा थर एकदम उतरवतो. वाढत्या वयाच्या सापाला हे वारंवार करावे लागते. कोवळा साप साधारण चार ते सहा आठवड्यांनी कात टाकतो. मोठा झाल्यावर हे अंतर वाढत जाते.

कात टाकण्यापूर्वी जुन्या थराखाली नवा थर तयार होतो. मग या दोन थरांच्या मध्ये एक पातळ द्रव साठतो आणि जुना थर सुटा होऊ लागतो. या काळात सापाचा रंग मळकट दिसतो, पोटाकडचा भाग गुलाबी दिसू लागतो आणि डोळे दुधाळ, निळसर होतात. त्याला नीट दिसत नाही. तो चिडचिडा होतो, लपून बसतो आणि बहुधा खात नाही. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. पाहणाऱ्याला वाटते की कात पडून गेली. खरे तर ती त्यानंतर तीन-चार दिवसांनी पडते. पहिल्या लक्षणापासून शेवटापर्यंत साधारण एक ते दोन आठवडे जातात.

शेवटी साप दगडावर किंवा लाकडावर तोंड घासतो. ओठांपाशी कात सुटते आणि मग तो तिच्यातून पुढे सरकत बाहेर येतो. पायातला मोजा वरून खाली ओढत काढला की जसा उलटा होतो, तशी कात उलटी होऊन मागे राहते. निरोगी सापाची कात डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग असते. खवल्यांमधली कातडी ताणली गेल्यामुळे ती सापापेक्षा लांबही भरते. शेतात सहा फुटी कात सापडली म्हणून साप सहा फुटीच असेल असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता डोळ्यांविषयी. सापाला पापण्या नसतात. त्याच्या प्रत्येक डोळ्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो. तो डोळ्याचे कायमचे संरक्षण करतो. प्रत्येक वेळी कात टाकताना या खवल्याचा वरचा थरही कातीबरोबर निघून येतो. कात तुकड्यातुकड्यांनी पडली तर हा थर डोळ्यावर राहून जाण्याचा संभव असतो. जुना थर आणि खालचा जिवंत खवला यांत अंतर किती असेल? कागदाच्या जाडीइतकेही नाही. चिमट्याला, नखाला किंवा चिकटपट्टीला त्यातला फरक कळत नाही. माझ्या हातून नेमके हेच घडले होते.

कात का अडते?

अडलेली कात हा स्वतंत्र आजार नव्हे. ताप जसा कशाचे तरी लक्षण असतो, तशीच ही. म्हणून कात काढण्यापूर्वी कारण शोधावे लागते. मी त्या मुलाला विचारत गेलो आणि कारण आपोआप समोर आले.

साप आधी घरातल्या तळमजल्याच्या खोलीत होता. ऊन तापू लागल्यावर त्याला त्रास होऊ नये म्हणून मुलाने त्याची काचपेटी वरच्या खोलीत, एसीमध्ये नेली. पेटीत वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला, उबेसाठी वरून दिवा लावलेला आणि पाण्याची एक छोटी वाटी. मुलाने सारे प्रेमानेच केले होते. पण आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात दुपारच्या हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. एसी उरलेली आर्द्रता शोषून घेतो. दिव्याची ऊब तेच करते. म्हणजे सापाला थंडावा मिळाला, पण ओल मिळाली नाही.

बॉल पायथनला साधारण पंचावन्न ते सत्तर टक्के आर्द्रता लागते. कुणी म्हणेल, आफ्रिकेचा गवताळ प्रदेश काय कमी कोरडा आहे? वर कोरडा असेलही. पण हा साप दिवसभर उंदरा-घुशींसारख्या प्राण्यांच्या बिळात किंवा वारुळात राहतो आणि तिथली हवा दमट असते. आपल्याकडेही साप वारुळात का सापडतात, याचे एक उत्तर यातच आहे. बाहेर आग ओतत असली तरी वारुळाच्या पोटात गारवा आणि ओल टिकून असते.

हवा कोरडी असली की शरीरातले पाणी कमी होते, दोन थरांमधला द्रव पुरेसा साठत नाही आणि वरचा थर वाळून अंगालाच चिकटतो. कोरडेपणाशिवाय इतरही कारणे असतात. पाणी कमी पिणे, पेटीत ऊब कमी किंवा जास्त असणे, अंग घासायला खडबडीत दगड अथवा लाकूड नसणे, कात टाकण्याच्या काळात सापाला सारखे हाताळणे, जुनी जखम किंवा भाजल्याचा व्रण, कुपोषण, कातडीचा संसर्ग. सापाच्या अंगावर बारीक काळ्या गोचिडीसारखे किडेही होतात. पाण्याच्या वाटीत मिरपूड पडल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ते किडे समजावेत. ते रक्त पितात आणि त्यांच्यामुळेही कात अडते. त्यांच्यासाठी गोठ्यातले औषध फवारू नये. साप त्याने मरू शकतो.

या सापावर किडे नव्हते. पण तोंडातली लाळ चिकट झाली होती आणि कातडीला वळ्या पडल्या होत्या. म्हणजे शरीरातले पाणी कमी झाले होते.

आम्ही काय केले?

पसरट टब घेऊन त्यात कोमट पाणी घातले. कोमट म्हणजे अठ्ठावीस ते तीस अंश सेल्सियस. माणसाच्या हाताला ते जेमतेम कोमट, किंबहुना थोडे गारच वाटते. येथे एक सावधगिरीची सूचना. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळातून थेट घेऊ नका. ते चटका बसण्याइतके तापलेले असते. पाणी मोजायला साधा थर्मामीटर वापरावा.

पाण्याची खोली सापाच्या अंगाच्या जाडीच्या निम्मी ठेवली. डोके पाण्याबाहेर सहज राहिले पाहिजे. अशक्त सापही बुडतो, हे लक्षात असू द्या. वरून जाळीचे झाकण ठेवले आणि अर्धा तास त्याला तसेच राहू दिले. पूर्ण वेळ मुलगा समोर बसून होता. आजी दर पाच मिनिटांनी "झालं का?" म्हणून विचारत होत्या.

मग एक खरखरीत टॉवेल कोमट पाण्यात भिजवून पिळला आणि सैल हातांनी तो सापाभोवती धरला. सापाला त्यातून आपले आपण पुढे सरकू दिले. ओढणारे आम्ही नव्हतो. तो सरकत होता आणि टॉवेल कात धरून ठेवत होता. दोन-तीन वेळा असे केल्यावर पाठीवरचे बहुतेक तुकडे आणि मानेचा पट्टा सुटून आला. जिथे सुटले नाही तिथे आम्ही हात लावला नाही. त्याला दमवायचे नव्हते, म्हणून उरलेले काम दुसऱ्या दिवसावर ठेवले.

शेपटीचे काम मात्र तातडीचे होते. कातीचे कडे सुकले की आवळत जाते. बोटाला दोरा करकचून बांधला तर जे होते तेच शेपटीच्या टोकाचे होते. रक्तपुरवठा थांबतो आणि पुढचा भाग मरतो. ही कडी एका वेळची नव्हती. आधीच्या दोन कातींच्या वेळीही थोडी थोडी राहून गेली होती आणि ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. भिजवून, ओल्या कापसाच्या बोळ्याने हलके हलके फिरवत, दुसऱ्या दिवशी ती कडी सुटली. पण टोकाचा जवळजवळ एक सेंटिमीटर भाग आधीच मेला होता. तो पुढे वाळून पडला. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याला म्हटले, थोडक्यात निभावले. प्रत्येक कातीनंतर शेपटीचे टोक बघायची सवय लाव, म्हणजे पुन्हा ही वेळ येणार नाही.

डोळ्यांना आम्ही फक्त ओल दिली. डोळे कोरडे पडणाऱ्या माणसांना जे साधे कृत्रिम अश्रूंचे थेंब देतात, ते मी तपासून दिले. दमट पेटीत ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी डावा डोळा आपोआप मोकळा झाला. उजवा तसाच राहिला. मुलगा रोज विचारायचा, "सर, आता काढू या का?" मी रोज नाही म्हणायचो. डोळ्याला सूज नव्हती, पू नव्हता. अशा वेळी पुढच्या कातीची वाट पाहणे हाच उपचार असतो. पुढची कात नीट पडली तर अडकलेला थर तिच्याबरोबरच निघून जातो.

घरी काय बदलले?

दवाखान्यातल्या उपचारापेक्षा हा भाग महत्त्वाचा आहे. पेटी एसीतून काढून पुन्हा तळमजल्यावर आणली. तिथे वाळ्याची ताटी लावलेला कूलर होता. कूलरची हवा दमट असते, पण तिचा झोत थेट पेटीवर येणार नाही अशी जागा निवडली. पाण्याची वाटी काढून, साप संपूर्ण बसू शकेल असे जड, पसरट भांडे ठेवले. आर्द्रता मोजायचे छोटे यंत्र बाजारात मिळते, ते पेटीत लावले. पेटीची एक बाजू एकतीस ते तेहतीस अंश उबदार आणि दुसरी सव्वीसच्या आसपास ठेवली, म्हणजे साप आपल्या सोयीने जागा बदलू शकतो.

सर्वांत उपयोगी ठरला तो एक साधा डबा. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्याला सापाला आत-बाहेर करता येईल एवढे भोक पाडायचे, त्याच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या आणि आत ओलसर शेवाळ किंवा ओला करून पिळलेला कापडी टॉवेल ठेवायचा. हे सापाचे घरगुती वारूळ! डोळे दुधाळ झाले की साप स्वतःच त्यात जाऊन बसतो. आतले कापड रोज बदलावे, नाहीतर बुरशी येते.

ओल हवी म्हणून संपूर्ण पेटी चिखलासारखी भिजवून ठेवू नये. सतत ओल्या जागी राहिलेल्या सापाच्या पोटाखालच्या खवल्यांवर फोड येतात आणि ते पिकतात. हवा दमट, पण अंथरूण कोरडे आणि वारा खेळता, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

काय करू नये?

कोरडी कात कधीही ओढू नये. खालची कातडी अजून तयार नसेल तर जखम होते.

डोळ्यांना चिमटा, नख, चिकटपट्टी लावू नये. माणसांचे उरलेले डोळ्यांचे थेंब घालू नयेत. काहींमध्ये स्टिरॉइड असते आणि संसर्ग असेल तर तो वाढतो.

खोबरेल, एरंडेल, व्हॅसलीन लावू नये. आजींना मी समजावून सांगितले की कातीला पाणी हवे आहे, आणि तेलाचा थर पाणी आत जाऊ देत नाही. आजींना ते पटले. "माठाले तेल लावलं त झिरपन कसा!" असे त्याच म्हणाल्या. माझ्या स्पष्टीकरणापेक्षा त्यांचे उदाहरण चांगले होते.

डोळे दुधाळ असताना खायला घालण्याचा आग्रह धरू नये, खेळवू नये.

डॉक्टरांकडे कधी न्यावे? दोन-तीन दिवस भिजवूनही कात सुटत नसेल, शेपटीचे टोक काळे पडत असेल, डोळा फुगला असेल किंवा त्यातून स्राव येत असेल, तोंडातून फेस येत असेल, कातडीवर फोड असतील, किंवा सलग दुसऱ्या वेळी कात तुकड्यांनी पडली असेल, तर घरी प्रयोग न करता साप डॉक्टरांना दाखवावा.

माणसांच्या आरोग्यासाठी

सापांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. सापाला त्यांचा त्रास होत नाही, पण माणसाला जुलाब, ताप, पोटदुखी होते आणि लहान मुलांत व म्हाताऱ्यांत आजार गंभीर होऊ शकतो. म्हणून साप, त्याची पेटी, पाणी किंवा कात हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. सापाचा टब स्वयंपाकघरात धुऊ नये आणि तो टब दुसऱ्या कामाला वापरू नये. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशा व्यक्ती यांनी सापाला हात न लावणेच चांगले.

पुष्कळ घरी सापाची कात तिजोरीत किंवा पाकिटात जपून ठेवतात. तिच्याने पैसा येतो की नाही हे ज्याचे त्याने पाहावे, पण तिच्यावर जंतू आणि किडे असू शकतात हे नक्की. मुलांच्या हाती ती देऊ नये आणि औषध म्हणून उगाळून तर मुळीच देऊ नये.

आता कायद्याविषयी. नाग, घोणस, धामण, अजगर अशा आपल्याकडच्या सापांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने संरक्षण दिले आहे. ते पकडून घरी ठेवणे गुन्हा आहे, मग हेतू उपचाराचा का असेना. या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी आवश्यक झाली. त्याचे नियम २०२४ मध्ये आले. बॉल पायथन त्या यादीत आहे. नोंदणी केलेला मालक प्राणी लपवत नाही आणि वेळेवर डॉक्टरांकडे आणतो, हाही तिचा एक फायदा मला दिसतो. तरीही माझे मत विचाराल तर, इतकी निगा वर्षानुवर्षे राखण्याची तयारी नसेल तर हा नाद करू नये. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस वर्षांहूनही अधिक जगतो.

शेतात किंवा गोठ्यात कात अडलेला, डोळे दुधाळ झालेला साप दिसला तर? त्याला मदत करायला जाऊ नका. त्याला नीट दिसत नसते, म्हणून तो जास्त घाबरलेला असतो आणि पटकन चावतो. तो नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी असेल तर जिवावर बेतेल. दूर राहा, मुलांना आणि जनावरांना दूर ठेवा. तो आपल्या वाटेने ओलसर जागा शोधतो. घरात शिरला असेल तर वनखात्याला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवा. आणि दुर्दैवाने दंश झालाच, तर वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठा. प्रतिविष हाच त्यावर उपाय आहे.

नागपंचमीलाही हे आठवावे. जिवंत नागाच्या डोक्यावर हळद-कुंकू टाकले की ते त्या काचेसारख्या खवल्यांवर आणि तोंडात जाते. दूध हे सापाचे अन्न नव्हेच. पाटावरच्या चित्राची किंवा मातीच्या नागाची पूजा करावी. तिने देवही तृप्त होतो आणि जीवही वाचतो.

पुढे काय झाले?

जुलैच्या सुरुवातीला, पहिला चांगला पाऊस होऊन गेल्यावर, तो मुलगा पुन्हा आला. या वेळी हातात डबा नव्हता, प्लॅस्टिकची पिशवी होती. त्यात सापाची कात होती. आम्ही ती टेबलावर हळूच उलगडली. तोंडापासून शेपटीच्या तुटक्या टोकापर्यंत सलग, एकही फाटा नाही. डोक्याचा भाग मी खिडकीच्या उजेडात धरला. डाव्या डोळ्याच्या जागी स्वच्छ गोल काच होती. उजव्या डोळ्याच्या जागी दोन थर एकमेकांना चिकटलेले होते. मेमधला अडकलेला थर नव्या थराबरोबर आपोआप निघून आला होता. सहा आठवडे आम्ही फक्त वाट पाहिली होती.

"दिसतं ना त्याला?" मी विचारले.

"दिसतं सर. काल उंदराकडे पहिल्यांदा उजव्या बाजूने वळला."

आपण मराठीत सहज म्हणतो, अमक्याने कात टाकली. म्हणजे तो नवा झाला, सुधारला. साप पाळणाऱ्याने यातून एवढेच घ्यावे की कात टाकायची असते ती सापाने. आपले काम त्याला ओल, ऊब आणि निवांतपणा देण्याचे. हाताने ओढून कुणाची कात निघत नाही, निघतो तो त्याचा जीव. हे मला ज्या धामणीने शिकवले तिला त्याचा उपयोग झाला नाही. या सापाला झाला.

पुढील आठवड्यात पावसाळ्यात जनावरांच्या खुरांची निगा कशी राखावी, ते पाहू.